हवा सोडली, बंड्या!

मिनियापोलिस,
१८ जानेवारी

प्रिय बंड्या,

"डोकं फिरलंय का तुझं?" हा तुझा मेसेज पोचला. फोटोतली सायकल खरी आहे, बुलेटची चाकं बसवलेली नाहीत. बर्फात चालवायची ही 'फॅट बाइक', टायर चार इंच रुंद. आणि हो, उणे बारा अंशांत चालवली.

राजवाड्यामागच्या दुकानातून तासावर सायकल घेताना आपण आधी अंगठ्यानं टायर दाबायचो, आठवतं? दगडासारखा लागला तरच "हवा आहे" म्हणायचं. तीच खोड नडली. घरून टम्म भरून थिओडोर वर्थ पार्कात गेलो. पन्नास पावलांवर पुढचं चाक रुतलं आणि मी हँडलवरून थेट बर्फात. उठलो, पुन्हा तेच. मागून साठीच्या एक बाई आल्या, टायर चिमटीत धरून हसल्या. म्हणाल्या, "हवा सोड." किती? "लाज वाटेल इतकी."

व्हॉल्व दाबून धरला. फुसफुस थांबेचना. हवेचा दाब सहा पीएसआयवर (टायरमधली हवा याच मापात मोजतात) आला; साध्या रस्त्याच्या सायकलला ऐंशी-नव्वद लागतात! बसलो तर टायरच्या कडेला सुरकुत्या पडल्या. साताऱ्यात अशी सायकल आपण पंक्चर म्हणून ढकलत नेली असती. इथं ती बर्फावर पसरली आणि चालायला लागली. थंडी कडक असली की बर्फ चाकाखाली करकर वाजतो, कोरड्या पोह्यांवर पाय पडल्यासारखा. बाकी सगळं चिडीचूप.

हे वेड मूळ अलास्कातलं. १९८७ साली तिथं बर्फातली सायकल शर्यत सुरू झाली. चाक रुंद व्हावं म्हणून लोक दोन-दोन रिमा जोडायचे. २००५ मध्ये सर्ली कंपनीची पग्स्ली नावाची सायकल आली आणि ही चाकं दुकानात मिळायला लागली. सर्ली कुठली? शेजारच्या ब्लूमिंग्टनची. म्हणजे पंढरपुरात राहून मला विठोबा अकरा वर्षांनी दिसला.

आता थोडा शहाणा झालोय. पाण्याची बाटली उलटी ठेवतो, बर्फ वरून धरतो म्हणून तोंड मोकळं राहतं. सुती बनियन बाद. घाम आला की तोच गोठवतो. पुढचा ब्रेक जपून. आणि चाकाची चाकोरी इंचापेक्षा खोल उमटली तर मुकाट्यानं घरी, नाहीतर पायवाट नासते आणि लोक शिव्या घालतात (इथल्या पद्धतीनं, म्हणजे हसून).

काल एका चढावर उतरावं लागलं. दम लागला होता, वयाचं नाव घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचा एक्स-रे काढलास का, ते आधी कळव.

तुझा,
सुध्या