नुसता प्लग बसवून डिझेल इंजिन पेट्रोलवर चालत नाही

महोदय,

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) जागी ठिणगीचा प्लग आणि हवेच्या तोंडाला कार्बोरेटर लावून ते पेट्रोलवर चालवल्याचे व्हिडिओ सध्या मोबाइलवर फिरत आहेत. इंजिन बिनभाराचे पाच मिनिटे फिरते आणि बघणाऱ्याला वाटते, काम झाले. हे काम होण्यासारखे आहे, पण त्याची सुरुवात प्लगपासून होत नाही, पिस्टनपासून होते. ती पायरी गाळली की इंजिन हातचे जाते, म्हणून हे सविस्तर पत्र.

आपल्याकडे सर्रास दिसणारे ८७.५ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ११० मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या चालीचे), मिनिटाला १५०० फेऱ्यांचे एक सिलिंडरचे पाण्याने थंड होणारे इंजिन घेऊ. एका स्ट्रोकमध्ये ते ६६१ सीसी हवा ओढते आणि १७.५ पट दाबते. म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ४० सीसी. एवढ्या दाबाने हवा ५०० अंशांच्या वर तापते. डिझेलला तेच हवे असते, पण पेट्रोलचे मिश्रण प्लगची वाट न पाहता आपणहून पेटते. बिनभाराचे इंजिन चालते याचे कारण थ्रॉटल (मिश्रण आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असते, मिश्रण थोडेच आत जाते. पंपाचा भार आला, थ्रॉटल उघडले, की खडखड सुरू होते. मग वरच्या रिंगेचा कठडा तुटतो, हेड गॅस्केट फुटते, शेवटी पिस्टनच्या माथ्याला भोक पडते.

साध्या पेट्रोलवर दाबाचे हे प्रमाण १७.५ वरून ९ च्या आसपास आणावे. त्यासाठी ४० सीसीची जागा सुमारे ८३ सीसी करावी लागते, म्हणजे ४२-४३ सीसी वाढ. ती सगळी पिस्टनची वाटी (माथ्यावरचा खोलगा) खोल करून मिळवू नये, तळ पातळ होतो. वाटीखाली ८ ते ९ मिमी जाडी राहिलीच पाहिजे. निम्मी वाढ लेथवर वाटी रुंद करून घ्यावी. सिलिंडर ब्लॉक क्रँककेसवर वेगळा बसत असेल, तर उरलेली निम्मी त्याखाली साडेतीन मिमीची सपाट ग्राइंड केलेली पट्टी घालून मिळते (या बोअरला १ मिमी म्हणजे ६ सीसी). मात्र सिलिंडर उचलला की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळया) आणि हेड आवळायचे स्टडही तेवढेच कमी पडतात. अॅडजस्टिंग स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत काढून वेळ भागवू नये, नवे पुशरॉड करून घ्यावेत. हेड आवळल्यावर पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून प्लगच्या भोकातून मापाने तेल ओतावे. किती सीसी बसले त्यावरून खरे प्रमाण कळते. अंदाजावर पुढे जाऊ नये.

प्लगसाठी नोझलच्या भोकात १४ मिमी, १.२५ पिचच्या आट्यांचे बुश बसवावे, खाली तांब्याचा वॉशर. प्लग खोल बसतो आणि नीट थंड होत नाही, म्हणून थंड जातीचा घ्यावा. ठिणगीचा पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) कॅमशाफ्टवरून घेतला तर उत्तम. फ्लायव्हीलवरून घेतल्यास प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, दोनातली एक वाया जाते, एवढेच. वेळ जुळवायला फ्लायव्हीलचा घेर मोजून ३६० ने भागावा. घेर १८०० मिमी असेल तर एक अंश म्हणजे ५ मिमी, आणि टीडीसीच्या २० अंश आधीची खूण १०० मिमीवर येते. चालू इंजिनाला २० अंशांपासून सुरुवात करावी. हँडल मारताना मात्र ठिणगी टीडीसीजवळ आणण्याची सोय हवीच, नाहीतर हँडल उलटे फिरून मनगट मोडते.

कार्बोरेटर निवडताना सगळ्यांत जास्त चुका होतात. या इंजिनाला मिनिटाला सुमारे ५०० लिटर हवा लागते. दीडशे सीसीच्या मोटरसायकलचा कार्बोरेटर मापाला पुरतो, पण त्याची सरकती झडप गव्हर्नरच्या (फेऱ्या कायम राखणाऱ्या यंत्रणेच्या) हलक्या ओढीला दाद देत नाही आणि इंजिन वर-खाली होत राहते. ३९० सीसीच्या पेट्रोल जनरेटरचा कार्बोरेटर अधिक योग्य. त्याची झडप फिरती असते आणि गव्हर्नरची सळई सरळ जोडता येते. फेऱ्या वाढल्या की झडप बंद व्हायला हवी. जोडणी उलटी झाली तर इंजिन सुसाट सुटते. म्हणून इग्निशन बंद करण्याचा स्विच हाताशी ठेवावा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ पडते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला तेवढे पुरते. व्हॉल्व्हचे सीट कठीण धातूचे करून घ्यावे आणि जेट थोडा मोठा टाकावा.

खर्चाचेही स्पष्ट बोलायला हवे. पाच अश्वशक्तीच्या भाराला डिझेल तासाला सव्वा लिटरच्या आत लागते, पेट्रोल दीड ते पावणेदोन लिटर. पैसे वाचवायला हा बदल करू नये. फ्युएल पंप आणि नोझल दुरुस्तीपलीकडे गेले असतील, किंवा पुढे गोबरगॅसवर जायचे असेल, तरच तो परवडतो. नुसत्या गोबरगॅसवर चालवायला प्लग आणि थ्रॉटल लागतातच, आणि त्याला दाबाचे प्रमाण ९ पेक्षा जास्तही चालते.

विहिरीत उतरवलेल्या धक्क्यावर बसलेले इंजिन मात्र कृपा करून पेट्रोलवर करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड डिझेलपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्याला वास नाही, आणि खाली उतरलेल्या माणसाला कळायच्या आत तो बेशुद्ध पडतो. आधी इंजिन वर, उघड्यावर आणा, टाकी सायलेन्सरपासून दूर ठेवा, आणि मगच लेथवाल्याकडे पिस्टन घेऊन जा.

आपले,
इंजिन दुरुस्ती व लेथकाम करणारे काही वाचक, कोल्हापूर