‘हे झाड कोणी लावलंय?’ असं विचारणाऱ्या माळीदादांना

माळीदादा,

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं होतं. दोनदा खाली घेऊन आले, दोन्ही वेळा तुम्ही पाइप ओढत पार पलीकडच्या कोपऱ्यात होतात, आणि मी तशीच परत वर गेले. समोर बोलायला लागले असते तर माझा गळा दाटून आला असता आणि तुम्ही ‘काय ताई’ म्हणत खुरपं उचलून चालते झाला असतात. त्यातून परवा आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘नवा माळी काहीच करत नाही, लॉन वाढलंय, पाचोळा पडून आहे.’ तेव्हा ठरवलं, आता हे सगळ्यांसमोरच लिहायचं.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर बाबा रोज सकाळी खिडकीत उभे राहायचे. खाली तिचा चाफा. तिने लावला तेव्हा ती हातभर काठी होती, ना पान ना मूळ. शेजारच्यांनी चेष्टा केली होती, ‘काकू, सरपण पेरताय का?’ पुढे त्याच सरपणाला इतकी फुलं आली की चेष्टा करणारेच सकाळी ओंजळी भरून न्यायला लागले.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे बागेचं काम होतं त्यांचं नाव मी घेत नाही. घ्यायचं म्हटलं तरी ओळख कुठे होती? दर महिन्याला माणसं वेगळी, मशीनचा आवाज तेवढा तोच. त्यांचा तक्ता मात्र देखणा होता. कटिंग, खत, फवारणी, सफाई, प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण. झाडाकडे बघणे, असा चौकोन त्यात नव्हता.

भर उन्हाळ्यात लॉन इतकं खाली कापायचे की पिवळी देठं आणि त्यांच्यामधली माती दिसायची. ते भाजून निघालं की ‘पाणी कमी पडतंय’ म्हणून रोज संध्याकाळी स्प्रिंकलर. रात्रभर ओल तशीच राहायची, मग बुरशीचे गोल गोल डाग, मग त्यावर फवारणी. एका चुकीच्या पोटी दुसरी, आणि प्रत्येकीचं बिल वेगळं. बुंध्याभोवतीचं गवत काढताना ब्रश कटरची दोरी सटासट सालीवर बसायची. पानांनी केलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्याच आतल्या थरातून. ती साल चहूबाजूंनी सोलली गेली की वर पानं हिरवी दिसत असतानाच खाली मुळं उपाशी पडतात. मागच्या गेटजवळची दोन कोवळी झाडं अशीच गेली. कागदावर कारण लिहिलं गेलं: ऊन.

आणि मग चाफ्याचा नंबर लागला. थंडी-कोरड्या दिवसांत चाफा पानं टाकतो, नुसती बोटं वर केल्यासारखा उभा राहतो. दर वर्षीचं आहे. त्या वर्षी त्यांच्या सुपरवायझरने खालून एकदा वर बघितलं आणि बुंध्यावर लाल रंगाची फुली मारली. ‘वाळलेलं आहे, काढून टाकू.’ मी म्हटलं, पानगळ आहे हो. तो म्हणाला, ‘मॅडम, आमचं रोजचं काम आहे हे.’ कमिटीला दोन पत्रं दिली. त्यांचं पुढे काय झालं ते लिहून तुमचा वेळ घेत नाही. बाबा खिडकीत उभे राहायचे बंद झाले, एवढंच सांगते.

दरम्यान काम तुमच्याकडे आलं आणि जुन्यांची ‘काढायची झाडं’ ही यादीही तुमच्या हातात पडली. चाफा त्यात सातवा होता. दुसरा कोणी असता तर यादी म्हणजे हुकूम. अर्ध्या तासाचं काम, सात नंबरसमोर खूण, पुढचं झाड.

तुम्ही जिना चढून वर आलात. बेल वाजली म्हणून दार उघडलं तर करवत खांद्याला, पायाला घोट्यापर्यंत चिखल, आणि दारापासून दोन हात लांब उभे. आत या म्हटलं तर ‘पाय भरलेत, नको.’ आणि मग विचारलंत, ‘खालचा चाफा कोणी लावलाय?’

दादा, इतक्या वर्षांत हा प्रश्न या कॉलनीत कोणी विचारला नव्हता. झाड कोणाच्या मालकीचं, कोणाच्या गाडीवर पानं पडतात, कोणाच्या खिडकीचा उजेड अडतो, हे सगळं विचारून झालं होतं. कोणी लावलंय, हे नाही. मी ‘आईने’ म्हटलं, आणि आतून बाबा उठून आले.

‘काका, या जरा खाली,’ एवढंच म्हणालात. खाली गेल्यावर तुम्ही फांदीवर अंगठ्याच्या नखाने बारीकसा ओरखडा काढलात. करडी साल सुटली, खाली हिरवा रंग, आणि लगेच पांढरा थेंब फुगून वर आला. तुम्ही काही बोलला नाहीत. बाबांचा हात धरून दुसऱ्या फांदीवर टेकवलात आणि म्हणालात, ‘तुम्ही काढा.’ बाबांचं नख थरथरत होतं. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा चीक आला. बाबा त्या थेंबाकडे बघत राहिले आणि तुम्ही खिशातलं फडकं काढून त्यांचं बोट पुसलंत, ‘डोळ्याला लावू नका हां, आग होते.’

‘तुमचं झाड जिवंत आहे’ असं तुम्ही नुसतं सांगितलं असतंत, तर त्यांनी मान हलवली असती. त्या वर्षभरात लोकांनी त्यांना खूप काही सांगितलं होतं आणि त्यांनी सगळ्यालाच मान हलवली होती. तुम्ही त्यांना त्यांच्याच नखाने बघू दिलंत.

बाकीचं मी गच्चीवरून बघितलं. तुम्ही एकेक फांदी बोटांनी दाबत गेलात. एक सोडून सगळ्या टणक. ती एक मात्र ओल्या स्पंजासारखी दबली. मग काही न करता तुम्ही आळ्याजवळ बसून राहिलात. मला वाटलं दमलात. स्प्रिंकलर सुरू झाला तेव्हा कळलं कशाची वाट बघत होतात. प्रत्येक फेरीला त्याची धार बरोब्बर बुंध्यावर बसत होती, जिथे साल काळी पडली होती तिथेच. चाफ्याला ओले पाय चालत नाहीत आणि आम्ही त्याला रोज संध्याकाळी आंघोळ घालत होतो. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरने ती तोटी पाव फेरा फिरवलीत. संपलं. दोन पत्रं, एक फुली आणि माझी कितीतरी रात्रींची गेलेली झोप, सगळं त्या पाव फेऱ्यात.

कुजलेली फांदी कापताना पात्याला दर वेळी स्पिरिटचं फडकं फिरवत होतात. पहिल्या कापाच्या मध्यभागी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली, तिथेही दिसला तर आणखी खाली, जोवर काप स्वच्छ पांढरा लागत नाही तोवर. मी ‘आता याला रंग किंवा डांबर लावायचं का?’ असं वरून ओरडले, कारण आधीचे लावायचे. तुम्ही नुसता हात हलवलात. मी नंतर वाचलं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अॅलेक्स शिगो नावाच्या माणसाने हजारो झाडं चिरून तपासली आणि 1977 साली मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालतं, कूज तिथेच कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. वरून रंग फासल्याने त्यात काही भर पडत नाही. तुम्ही हे वाचलं नसेल, हात हलवलात तेवढा पुरला.

आता ग्रुपवरच्या तक्रारीबद्दल. लॉन ‘वाढलंय’ कारण तुम्ही मशीनचं पातं वर घेतलंय. एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही, म्हणजे त्याची सावली त्याच्याच मुळांवर पडते. स्प्रिंकलर आता पहाटे लागतो आणि रोज लागत नाही. लागतो तेव्हा पाणी खोल जातं, मुळंही त्यामागे खोल जातात, आणि सूर्य वर येईतो पाती कोरडी होतात. पाचोळा ‘पडून’ नाही, पसरलेला आहे, दोन-तीन इंचांचा थर, आणि बुंध्यापाशी वीतभर जागा मोकळी सोडून. कोणाला खात्री करायची असेल तर भर दुपारी पाचोळ्याखाली हात घाला आणि मग शेजारच्या उघड्या मातीवर ठेवा. बोगनवेलीचं पाणी तोडलं तेव्हाही ‘वाळवून मारतोय’ म्हणून ओरड झाली होती. पुढे तिला असा रंग चढला की तेच लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. (तो रंग फुलांचा नसतोच, फुलाभोवतीच्या पानांचा असतो. खरं फूल आत पांढरं, एवढंसं. पण तुम्ही हे त्यांना सांगितलं नाहीत. मी असते तर सांगितलं असतं.)

राहता राहिला गुलमोहर. त्याचा शेंडा आधीच्यांनी सपाट उडवला होता आणि त्या थोटकांवर केरसुणीसारखे धुमारे फुटले होते. लोकांना वाटलं, वा, किती फुटलाय. तुम्ही मला दाखवलंत की हे धुमारे वरवरच्या सालीला धरून असतात, जाड झाले की वाऱ्यात तेच आधी निखळतात. ‘एकदम काढले तर झाड पुन्हा घाबरेल, तीन वर्षं लागतील, थोडे थोडे काढू.’ झाड घाबरेल! तीन वर्षं थांबायला तयार असलेल्या माणसाला ‘काहीच करत नाही’ म्हणणारे आपण. आठवड्यातून तीनदा मशीन गरजली की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही.

आईच्या शेवटच्या दिवसांत एक नर्स होती. आईला हात लावायच्या आधी ती दर वेळी सांगायची, ‘आता कूस बदलतेय हं आजी’, ‘आता थंड लागेल हं’. आई शुद्धीवर नसायची. तरी सांगायची. मी एकदा विचारलं, त्यांना ऐकू येतं का? ती म्हणाली, ‘नसेलही येत.’ आणि पुढच्या वेळी पुन्हा सांगितलं. त्याच इस्पितळात बोलताचालत्या माणसाला न विचारता इकडून तिकडे ढकलणारेही होते, त्यांच्याकडेही तक्ते होते, खुणाही बरोबर होत्या. ती नर्स आणि तुम्ही एकमेकांना कधी भेटणार नाही. माझ्या डोक्यात मात्र तुम्ही शेजारी शेजारी उभे असता. समोरचं बोलू शकत नाही, जाब विचारणार नाही, आणि तरीही त्याला हात लावायच्या आधी तुम्ही दोघं थांबता. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात मला माहीत नाही. शिकवत असतील तर आमच्या कमिटीला आधी बसवावं.

बाबा आता पुन्हा खिडकीत असतात. चाफ्यावर वाचनही सुरू झालंय. परवा तुम्हाला गाठून ऐकवलंच ना, की हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं आणि त्याचं प्लुमेरिया हे नाव शार्ल प्ल्युमिए नावाच्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच माणसावरून पडलं? तुम्ही पाइप बंद करून सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘लांबून आलंय म्हणजे.’ ते वाक्य घरात अजून फिरतंय. पानं आली का म्हणून कोणी विचारलं की बाबा सांगतात, लांबून आलंय, वेळ लागणार.

कापलेल्या फांदीचा निरोगी शेंडा तुम्ही त्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिला होतात. ‘आठ-दहा दिवस सावलीत नुसता पडू द्या, चीक सुकू द्या, मग लावा. लगेच पाणी नको.’ बाबांनी कॅलेंडरवर रोज एक रेघ मारली आणि दहाव्या रेघेला तो कुंडीत लावला. दीड महिना काही नाही. मी मनातून सोडून दिलं होतं. बाबा मात्र नख लावून बघायचे, इतक्यांदा की मला त्यांना ओरडावं लागलं, आता काय सोलून काढता का त्याला. गेल्या मंगळवारी शेंड्यावरचा डोळा फुगला. काल त्यातून दोन पानं निघाली आहेत, अजून गुंडाळलेली, पेन्सिलीच्या टोकाएवढी.

कुंडी लहान पडेल का, जमिनीत कधी हलवायचा, आणि हलवायचा तर मोठ्या चाफ्यापासून किती लांब, असं बाबांनी विचारलंय. मी म्हटलं, दादा गुरुवारी आपल्या बाजूला असतात, तेव्हा विचारू. पाय भरलेले असले तरी वर या.

तिसऱ्या मजल्यावरची,
चाफ्यावाल्या काकूंची मुलगी