चार चौकट

भुसावळ,
सोमवार, रात्री साडेअकरा

प्रिय विज्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले तेव्हाही "रात्री निवांत करतो" म्हणून ठेवून दिला आणि केला नाही. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे पत्र पुरतं वाच. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. यात ब्रिजची पानं आहेत, आणि ती तुला मांडूनच दाखवायला हवीत. घरात कुणाला सांगावं तर म्हणतील, पत्त्यांचा एक डाव तो काय.

तब्येती ठीक. माझी शुगर गोळीवर आहे, आईचा गुडघा तसाच. ऊन त्रेचाळीसला टेकलंय, गच्चीवर बिबडे वाळताहेत, तुझ्या वाट्याचे बाजूला काढलेत. आता मुद्दा.

काल जळगावला चौघांची मॅच होती, चोवीस बोर्ड. एका टेबलावर मी आणि माझे भिडू तात्या, दुसऱ्यावर आपलेच झांबरे सर आणि पप्या. एकविसावा बोर्ड. पहिली बोली तात्यांची, आपण व्हल्नरेबल, म्हणजे साधलं तर बक्षीस मोठं आणि चुकलं तर दंडही मोठा. माझी पानं बघ:

इस्पिक: एक्का, राणी, अठ्ठी, छक्की, तिर्री
बदाम: राजा, सत्ती
चौकट: अठ्ठी, पंजी, चौकी
किलवर: राणी, नव्वी, दुर्री

एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक असे अकरा पॉइंट. चाळीस शेरांचा मण आणि चाळीस पॉइंटांचा कॅट, प्रत्येकाचा वाटा दहा शेर. त्या हिशेबाने मला एक शेर जास्त आला होता. तात्यांनी ओट्यावर बसवून आपल्याला हे शिकवलं तेव्हा मला शेर म्हणजे काय ते माहीत होतं, तुला नव्हतं. तू विचारलं होतंस, "तात्या, एक्का चार शेरांचा, मग गुलाम छटाकभर का?"

तात्या एक बदाम बोलले. मी एक इस्पिक. डावीउजवीकडून पास. तात्यांनी बोलीच्या बॉक्समधून पान काढून ठेवलं: चार चौकट.

तुझ्याशिवाय याचा अर्थ दुसरं कोण सांगणार? दोन चौकट म्हटले असते तर साधी चौकट, तीन म्हटले असते तर जोरदार चौकट. दोन पायऱ्या ओलांडून थेट चार म्हणजे चौकट नाहीच. म्हणजे तुझ्या इस्पिकला चार पानं आहेत, गेमच्या, म्हणजे दहा हातांच्या, वरची ताकद आहे आणि चौकटचं एखादंच पान किंवा तेही नाही. हे आपण तिघांनी ठरवलं त्या पावसाळ्यात तू म्हणाला होतास, "नसलेल्याचं नाव आधी घ्यायचं, ही तर आमच्या आत्याची तऱ्हा." तात्यांना हसता हसता ठसका लागला होता.

आता त्या बोलीनंतर माझी पानं परत बघ. चौकटमध्ये तीन चिल्लर पानं, एकही चित्र नाही. एरवी हा रंग बघून माणूस हिरमुसला असता, पण समोर एकच पान असेल तर याच्यासारखं सोनं नाही. माझा एकही पॉइंट तिथे वाया गेलेला नाही, अकराच्या अकरा कामाच्या जागी आहेत. चौकटचे राजा-राणी माझ्याकडे असते तर पॉइंट पाच वाढले असते आणि हात सुधारला नसता. विज्या, हे मला कळत होतं. त्या क्षणीसुद्धा कळत होतं. तरी मी चार इस्पिक म्हणून थांबलो.

तात्यांनी पास दिला. उतारी झाली आणि त्यांनी पानं मांडायला घेतली. आधी इस्पिक, नेहमीसारखं कडेला: राजा, गुलाम, सत्ती, चौकी. मग बदाम: एक्का, राणी, गुलाम, नव्वी, पंजी. मग किलवर: एक्का, राजा, तिर्री. आणि शेवटी चौकटची छक्की, एकटी. ती त्यांनी ठेवली आणि अंगठ्याने टेबलाच्या कडेशी सरळ केली. काही बोलले नाहीत.

त्यांचे अठरा, माझे अकरा. एकोणतीस. समोरच्यांकडे अकरा, आणि त्यातले दहा चौकटचे, जिथे आमचा एकच हात जाणार. राहिलेला एक म्हणजे किलवरचा गुलाम. स्लॅमला, म्हणजे सहाची बोली करून बारा हात घ्यायला, तेहतीस लागतात असं आपण पाठ केलंय, पण हे एकोणतीस ठेवल्या जागी बारा हात देत होते. तुझ्या लाडक्या पद्धतीनेही मोजून पाहिलं. माझे हरणारे हात सात, त्यांचे पाच. चोवीसातून बारा गेले, उरले बारा. बारा हात केले, सहाशे ऐंशी लिहिले. दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर समोरच्या संघाची जोडी सहा इस्पिक बोलून खेळली, चौदाशे तीस. साडेसातशेचा फरक, म्हणजे मॅचच्या हिशेबात तेरा इम्प. मॅच नऊने हरलो. सहा म्हटलं असतं तर चारने जिंकलो असतो.

हरण्याचं दुःख नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. परतीच्या गाडीत गर्दी होती, दाराशी उभे होतो. तात्या म्हणाले, "दिन्या, माझ्या चार चौकटचा अर्थ बदललाय का?" मी म्हणालो, "नाही हो, माझी पानंच तेवढी नव्हती." हे मी त्यांना म्हणालो. ज्यांनी आपल्याला पानं मोजायला शिकवली, त्यांना. ते "बरं" म्हणाले आणि स्टेशन येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

खरं हे की मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

का, तेही सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी इथेच खेळताना ते असेच चार किलवर बोलले. किलवर एखादंच असणार असं धरून मी सहा इस्पिकात गेलो आणि दोन हात पडलो. त्यांच्याकडे किलवरची तीन पानं होती आणि चौकटचं एक. माझे चौकटचे राजा-राणी बसून राहिले आणि किलवर सगळे गेले. "काय व्हयनं रे?" म्हणाले, मला वाटलं विसरले. काकू गेल्यापासून ते जरा हरवल्यासारखे असतातच, म्हणून मी मनाशी धरूनच टाकलं की तात्या विसरायला लागले.

मग काल, पहिल्या सत्रात, त्यांनी एक नो ट्रम्पने, म्हणजे बिनहुकुमाच्या बोलीने, उघडलं. समोरच्यांसाठी आमच्या बोलींचे अर्थ लिहून ठेवतो त्या कार्डावर पंधरा ते सतरा लिहिलंय. माझ्याकडे दहा. पंधरा आणि दहा पंचवीस, तीन नो ट्रम्प म्हणायला डोळे मिटूनही चालतं. मी पास दिला. तात्यांकडे तेरा निघाले. आठ हात झाले, एकशेवीस लिहिले. डावीकडचे गृहस्थ माझ्याकडे बघत म्हणाले, "दहावर पास?" मी "वाटलं तसं" म्हणालो. तेव्हापासून ती नजर माझ्या मानेवर आहे.

कारण तो अंदाज नव्हता, मला माहीत होतं. आणि नियम काय आहे ते तूच मला शिकवलंस. जोडीतली समजूत लिहून ठेवलेली असो की एकमेकांसोबत खेळून आपोआप झालेली असो, ती समोरच्यांना कळलीच पाहिजे. भिडू एकदा चुकला तर चुकला, मीही समोरच्यांइतकाच फसतो, त्यात काही गैर नाही. पण तो वारंवार चुकतो हे ओळखून मी माझी बोली बदलायला लागलो, की ती गुप्त समजूत झाली. मग त्या गृहस्थांना मी सांगायला हवं होतं, "आमच्या कार्डावर पंधरा लिहिलंय, पण तेरासुद्धा असू शकतात." ते कुणासमोर सांगू? तात्या समोरच बसलेले. न सांगावं तर समोरच्यांशी लबाडी, सांगावं तर तात्यांचा भर हॉलमध्ये अपमान, आणि कार्डावर विश्वास ठेवून खेळावं तर प्रत्येक डावात आपटायचं. दोन रात्री याच विचारात आहे.

बोलीत अडतीसच शब्द आहेत, पस्तीस बोल्या आणि पास, डबल, रिडबल. तेवढ्यात तेरा पानं सांगायची. त्यातला एक शब्द खरा की खोटा अशी शंका आली की बाकीचे सदतीसही गेले. इस्पिकच्या त्या डावात मला तेच झालं. तात्या अक्षरन् अक्षर खरं बोलले आणि मी ऐकलंच नाही.

धुळ्याची स्पर्धा आठवते? तू दहा पॉइंटांवर उघडलंस, सहा बदाम, पाच किलवर. मी तेरा बघून तीन नो ट्रम्पवर उडी मारली आणि तीन हात पडलो. एसटीत पारोळा आलं, एरंडोल आलं, आपण बोललो नाही. जळगावला उतरल्यावर तू एवढंच म्हणालास, "दहा आणि सहा आणि पाच, एकवीस. वीस झाले की उघडायचं." मी म्हणालो, "पॉइंट म्हणजे पॉइंट." मग तीन महिने अबोला. शेवटी तात्यांनी दोघांना शेवभाजी खाऊ घालून समेट केला, आणि तुझी भाकरीही मीच संपवली. तर आज लेखी देतो. तू बरोबर होतास. मिल्टन वर्कने चार-तीन-दोन-एक लोकांच्या गळी उतरवलं, गोरेनने त्यात तोकड्या रंगांचे तीन-दोन-एक जोडले, पण पान कुठे बसलंय हे त्या आकड्यांत येत नाही. अठरा आणि अकराच्या त्या एकोणतिसांनी मला ते पटवलं, आणि पटलं तेव्हा डाव हातातून गेला होता.

मघाशी हे लिहिताना थांबलो आणि कॅट काढून नो ट्रम्पची ती तेरा पानं जमिनीवर मांडली. इस्पिक एक्का, दश्शी, चौकी. बदाम राजा, गुलाम, छक्की. चौकट राणी, गुलाम, नव्वी, तिर्री. किलवर राणी, अठ्ठी, पंजी. विज्या, चौकटचा गुलाम बघ. दिवा मालवून खिडकीच्या उजेडात बघितलं तर तो राजाच वाटतो. गुलामाला राजा धरलं की दोन पॉइंट वाढतात. तेराचे पंधरा.

मग एकेक आठवायला लागलं. तात्या पानं नेहमी काळं, लाल, काळं, लाल अशी लावायचे आणि तशी न लावल्याबद्दल आपल्या बोटांवर टपली मारायचे. हल्ली त्यांना पानं लावायला वेळ लागतो, आणि मी समजत होतो ते विचार करताहेत. पानं ट्यूबलाइटकडे कलती धरतात. आणि ते चार किलवर! बॉक्समध्ये चार किलवरच्या शेजारचंच पान चार चौकटचं असतं. त्यांना चौकटच म्हणायचं होतं, त्यांच्याकडे चौकटचं एकच पान होतं. ते काहीही विसरले नव्हते.

खात्रीने सांगत नाही. एका गुलामावरून माणसाच्या डोळ्यांचं निदान करू नये. पण डोळेच असतील तर मी किती मोठा अन्याय केला! पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलताना वाक्यं हळू आणि सोपी करून बोलतोय. त्यांना ते जाणवलं नसेल असं कसं म्हणू? व्हँडरबिल्टने १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर या खेळाचं गुणांकन बसवलं, ही गोष्ट सांगून तात्या म्हणायचे, "बोटीवर जन्मला आणि आमच्या गार्डाच्या डब्यात वाढला." २०१८ साली जकार्ताला एशियाडमध्ये बर्धन आणि सरकार यांनी जोडीचं सुवर्ण जिंकलं, एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्नचे, तेव्हा तात्यांनी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. अशा माणसाला मी हिशेबातून वजा करून बसलो.

मी बोललो तर त्यांना वाटेल हरल्याचं खापर फोडतोय. तुझं ते ऐकतात. म्हणून एक कर. आखाजीला ये. तेव्हा गावात घरोघरी पत्ते निघतातच, कुणाला शंका येणार नाही. तीन दिवस खेळू. तू एकदा त्यांच्या मागे बसून नुसतं बघ, पानं कशी लावतात, कुठल्या पानावर अंगठा थांबतो. मग डॉक्टरांचं तूच काढ. तोवर मी मॅच घेत नाही, आणि कार्डाचं काय करायचं ते तिघं बसून ठरवू. गाडीत मी खोटं बोललो ते त्याआधी मी स्वतः त्यांना सांगणार आहे, उद्याच संध्याकाळी.

राणीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला, मुलाकडचे कुठले? फ्लॅटचा ताबा मिळाला का? सावद्याला परवाच्या वाऱ्यात भाऊंची थोडी केळी आडवी झाली, पण ते म्हणाले तुला कळवू नको, म्हणून कळवतोय. वहिनींना नमस्कार.

येताना दोन नवे कॅट आण. मोठ्या आकड्यांचे मिळतात, ते. तात्यांनी विचारलं तर सांग, तुलाच लागतात.

तुझा,
दिन्या