जहाजाच्या धुराचे पैसे युरोपलाच का?

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचे कागद बघतो. आमचं कास्टिंग न्हावाशेवाहून युरोपला जातं. 2024 पासून जहाजाच्या भाड्याखाली कार्बन सरचार्ज, म्हणजे जहाजाच्या धुरापोटी जादा आकार, लागून यायला लागलाय आणि आमच्याकडं सगळे "आणखी एक लूट" म्हणत तो भरतात. मला विचाराल तर चार्ज लावणं बरोबरच आहे, भांडायचं असेल तर तो पैसा कुठं जातो यावर भांडा.

बघा, इथनं हायवेला लागलेला ट्रक डिझेलवर टॅक्स भरतो, पण तोच कंटेनर जहाजावर चढला की परदेशी फेरीसाठी जे जाड काळं बंकर ऑइल जळतं त्याच्यावर जवळजवळ कुठंच टॅक्स नाही. जगाच्या एकूण उत्सर्जनात साधारण 3 टक्के वाटा जहाजांचा, आणि इतकी वर्षं सगळं फुकटात चाललं. मग युरोपनं 5000 ग्रॉस टनेजवरच्या (हे जहाजाच्या आकाराचं माप) जहाजांना धुराचे परवाने विकत घ्यायला लावले, 2024 च्या धुरावर 40 टक्के, 2025 च्या 70 आणि 2026 पासून पूर्ण. न्हावाशेवा ते रॉटरडॅम असल्या फेरीचा निम्मा धूर त्यात धरतात. मध्येच कुठंतरी माल उतरवून हिशेब कमी दाखवता येऊ नये म्हणून इजिप्तच्या पोर्ट सैद आणि मोरोक्कोच्या टँजर मेड बंदराचा थांबासुद्धा धरायचा नाही असा नियम केलाय, म्हणजे पक्कं काम आहे. पण शेवटी भरतो कोण, तर बेळगावचा कारखानदार, आणि परवान्यांच्या लिलावाचे पैसे जमतात तिकडच्या सरकारांकडं आणि फंडात.

म्हणून सगळ्या जगाला एकच नियम पाहिजे. एप्रिल 2025 मध्ये लंडनला आयएमओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जहाजवाहतूक संघटनेत, तसा आराखडा मंजूर झाला, भारतानंही बाजूनं मत दिलं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा घाण इंधन वापरलं तर जादा कार्बन डायऑक्साइडच्या टनाला 100 किंवा 380 डॉलर, आणि त्यातनं फंड, जो स्वच्छ इंधनाला आणि विकसनशील देशांनाही मिळणार होता. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेनं उघड विरोध केला आणि शेवटचा निर्णय वर्षभर पुढं ढकलला. फार वाईट झालं हे, कारण तोवर युरोपचं मीटर चालूच.

आपल्या बाजूलाही करण्यासारखं आहे. मुरगाव बंदर 2023 पासून कमी धूर सोडणाऱ्या जहाजांना बंदराच्या फीमध्ये सवलत देतं, आणि बेळगावहून लोंढामार्गे थेट रेल्वे लाइन आहे तिकडं, तरी आमचे कंटेनर घाट उतरून ट्रकनं मुंबईकडंच का जातात याचा कुणीतरी नीट हिशेब मांडावा. व्यापारी संघटनांनी आणि आपल्या खासदारांनी शिपिंग मंत्रालयाला लिहावं की आयएमओच्या पुढच्या मतदानात भारतानं मागं हटू नये, आणि फंडातला वाटा बंदरांना आणि छोट्या निर्यातदारांना मिळेल असं आधीच लिहून घ्यावं.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव