मिस्त्रीकाका, त्या एका थापेबद्दल आभार

काका,

पैसे देताना 'थँक्यू' एवढंच पुटपुटलो आणि निघालो. घसा भरून आला होता. एका बोल्टपायी घसा भरून येतो का, असं कोणी विचारेल. गाडीच्या इंजिनाच्या क्रँक पुलीच्या, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या, बोल्टशी जो दोन दिवस झुंजलाय, तो नाही विचारणार.

इंजिनातला टायमिंग बेल्ट (त्या पुलीमागचा पट्टा) घरीच बदलायचा, पोराला जरा शिकवायचं, असा माझा थाट होता. बाकी सगळं सुटलं, पुलीचा हा बोल्ट तेवढा हटून बसला. चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळतात. हा कित्येक गाड्यांत २०० च्याही वर, शिवाय इतक्या वर्षांचा गंज. टॉमीला, म्हणजे पान्याच्या लांब दांड्याला, पाईप लावला, पाईपवर उभा राहिलो, बोटं सोलून घेतली. पोरगं कडेला बसून सगळं बघत होतं.

मग गाडी ओढून एका गॅरेजात नेली. त्यांनी बाराकोनी गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट) चढवून बोल्टचं डोकं निम्मं गोल केलं आणि वर 'इंजिन उतरवावं लागेल' म्हणाले. दुसऱ्या एका शहाण्याने पाना चेसिसला अडकवून स्टार्टर मारा असं सुचवलं. पाना उडून कुणाचं तोंड फुटलं असतं तर? पण सल्ला द्यायला त्याचं काय जातं!

तुम्ही आधी नुसतं बघितलंत. डोकं तारेच्या ब्रशने घासलं, सहाकोनी गोटी हातोडीने ठोकून घट्ट बसवली, पुली फिरू नये म्हणून तिला होल्डर लावला, टॉमी कलंडू नये म्हणून खाली स्टँड दिला. मग पाईपवर सावकाश भार टाकलात. कडाक! मला वाटलं, तुटला. तुमची मान वरसुद्धा झाली नाही.

पण आभार त्याचे नाहीत. बोल्ट फडक्याने पुसून तुम्ही तो माझ्याकडे न देता पोराच्या हातात दिलात आणि म्हणालात, "बाबांनी आधीच हलवून ठेवला होता रे, म्हणून सुटला."

साफ खोटं. तो केसभरही हलला नव्हता, तुम्हालाही ते ठाऊक होतं. हातात कसब असलेली माणसं भेटतात हो. समोरच्याची लाज राखणारी कमी.

तुमच्या सांगण्यावरून नवा बोल्टच लावलाय. जुना पोराच्या कंपासपेटीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून तो सांगतो, "बाबांनी आधीच हलवला होता." मी अजून त्याला खरं सांगितलेलं नाही.