बाबांच्या पायाच्या ऑपरेशनाविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ऑपरेशनला मी होकार कळवला आहे आणि आगाऊ रक्कमही भरली आहे. न विचारता ठरवले म्हणून रागवाल. पण विचारले असते तर तुम्ही पुन्हा हाडवैद्याचाच विषय काढला असता, आणि अण्णाकाकांचा पाय कसा जुळला ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

नडगी घोट्याच्या जरा वर मोडली आहे. तिथे हाडावर मांस जवळजवळ नसते आणि रक्तपुरवठाही बेताचाच, त्यामुळे मोठी चीर देऊन हाड उघडे केले तर जखम चिघळण्याची व हाड उशिरा जुळण्याची भीती असते. आत सळी घालता आली असती, पण मोड सांध्याच्या इतकी जवळ असल्यावर खालच्या तुकड्यात सळीची पकड नीट बसत नाही. म्हणून घोट्याच्या आतल्या बाजूला लहान चीर देऊन, हाडावरचे आवरण न खरवडता, डॉक्टर हाड धरून ठेवणारी धातूची प्लेट कातडीखालून वर सरकवतील आणि सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर पाहत बारीक छिद्रांतून स्क्रू बसवतील. आई, परकराच्या नेफ्यात नाडी ओवावी, तसेच समज. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत ते थांबले आहेत. ती हयगय नव्हे.

घरी कमोडची खुर्ची आणि वॉकर आणून ठेवला आहे. पलंग ओटीवरच्या खिडकीशी हलवला आहे, म्हणजे तुम्हाला गोठा दिसेल. गोवरात मला खांद्यावर घेऊन रात्र रात्र अंगणात फिरवणाऱ्या माणसाला निजून राहायला सांगताना मला बरे वाटत नाही, बाबा.

तरीही सांगतो. तंबाखू आजपासून बंद, कारण ती हाड जुळू देत नाही. डॉक्टर सांगेपर्यंत, म्हणजे साधारण ६ ते १२ आठवडे, त्या पायावर पूर्ण भार टाकायचा नाही. पाय उशीवर उंच ठेवून बोटे हलवत राहा. आई, बोटे बधिर झाली, पोटरी सुजली किंवा जखमेतून पाणी आले, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन कर. पुढे प्लेट कातडीखाली हाताला लागेल. टोचू लागली तर हाड पक्के झाल्यावर काढता येते.

होकार मी कळवला असला, तरी संमतीपत्रावर सही तुमचीच लागते, बाबा. शंका असतील त्या डॉक्टरांना विचारा आणि मगच सही करा, पण करा.

तुमचा,
नंदू