न्हाणीची चूल आणि नवा गाऊन

लंडन,
१० मार्च

तीर्थस्वरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तू सहज सांगितलेस, की पहाटे न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणे सारताना ठिणगी उडाली, नव्या गाऊनला भोक पडले आणि त्याची कड आता अंगाला टोचते. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती टोचणारी कड म्हणजे वितळून थिजलेले पॉलिएस्टर आहे. सुती कापडही भराभर पेटते, पण पॉलिएस्टर वितळते आणि कातडीला चिकटून बसते.

जुन्या काळातील पोशाखांविषयी मी गेले काही महिने वाचते आहे, म्हणून हे अधिकच मनाला लागले. मी राहते त्याच या शहरात १८६१ च्या नोव्हेंबरात माटिल्डा शूरर नावाची १९ वर्षांची मुलगी विषबाधेने गेली. बायकांच्या केसांत माळायच्या कापडी फुलांच्या पानांवर हिरवी पूड भुरभुरवण्याचे तिचे काम होते. तांबे आणि सोमल (आर्सेनिक हे विष) यांपासून केलेला तो रंग, आणि त्याची धूळ श्वासातून व हातांवरून रोज पोटात जाई. अखेरीस तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हिरवट झाला होता आणि सारे काही हिरवेच दिसते, असे ती सांगे. पुढच्या वर्षी हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने जाहीर केले, की अशा एका शिरोभूषणात वीस माणसांना मारण्याइतका सोमल असतो. माळणाऱ्या बायकांनाही त्याचा त्रास होई. पण जीव आधी गेला तो करणाऱ्या मुलीचा, हे मला विसरता येत नाही. टोप्यांसाठी सशाच्या केसांवर पाऱ्याचे द्रावण चोळणाऱ्या कारागिरांचे हातही असेच आयुष्यभर थरथरत राहत.

मात्र तुझ्याशी खरा संबंध आहे तो आगीचा. त्या काळी पिंजऱ्यासारख्या सांगाड्यावर घेरदार झगे घालत. झग्याचा घेर अंगापासून दूर राही, त्यामुळे काठ शेगडीला लागला तरी बाईला कळत नसे, आणि आत खेळणाऱ्या हवेने ज्वाळा वर चढत. १८७१ मध्ये आयर्लंडात लेखक ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी अशाच गेल्या: एकीचा झगा शेकोटीने पेटला, दुसरी तिला वाचवायला धावली आणि तीही भाजली. एक २४ वर्षांची, दुसरी २२.

तुझा गाऊनही सैल आहे, आई, आणि त्याच्या बाह्या रुंद आहेत. आजी काष्टा घालून, पदर कमरेला घट्ट खोचूनच चुलीपुढे बसायची, ते मला आता सारखे आठवते. तेव्हा पहाटे पाणी तापवताना जुने सुती पातळ नेस, पदर खोच आणि झावळ्या लांब काठीने सार. कपडा पेटलाच तर धावू नकोस. जमिनीवर लोळ आणि भाजल्यावर वीस मिनिटे साधे पाणी ओतत राहा. चिकटलेले कापड ओढू नये, तूपही लावू नये. हे काकूंनाही वाचून दाखव, कारण तू गाऊन घेतलास त्याच दुकानातला त्यांचाही आहे.

गुहागरला येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर दोन सुती गाऊन पाठवते आहे. बाह्या आखूड आहेत. मिळाले की फोन कर.

तुझी लेक,
मंदा